पोटाचे विकार आणि नवं संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फ्रिजवर एक स्टीलचा डबा असतो. त्यात रबरबँड, सुतळीचं गुंडाळं, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या आणि पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या गोळीची अर्धी संपलेली पट्टी. लग्नाहून आलं की एक, मिसळ खाल्ली की एक, जागरण झालं की एक. असा डबा बऱ्याच घरांत असावा, कारण खालचे निम्मे प्रश्न तिथूनच निघालेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय मजकूर मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मला शोधनिबंध मुळातून वाचायची सवय लागली आणि नातेवाइकांना मला फोन करायची. हे त्या फोनवरचे प्रश्न.

पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, विसरायला होतं, हे खरं का?

या बातम्या बहुतेक निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांतून येतात. म्हणजे गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या नोंदी काढायच्या आणि कोणाला काय झालं ते पाहायचं. गोमेची गोष्ट अशी की गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी, जास्त वयाचे आणि आणखी चार औषधांवर असलेले असतात. दोष गोळीचा की माणसाच्या आधीच्या दुखण्यांचा, हे अशा अभ्यासातून सुटं करता येत नाही.

खरी परीक्षा २०१९ साली छापून आली. हृदयविकाराच्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला पॅन्टोप्राझोल, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सुमारे तीन वर्षं. किडनी, हाडं, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया यांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. आतड्याचा जंतुसंसर्ग मात्र गोळीवाल्यांत थोडा जास्त, १ टक्क्याच्या जागी १.४ टक्के. आम्ल हा पोटाचा दारवान आहे, त्याला झोपवलं की थोडं कोणीतरी आत शिरणारच. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत हेही खरं, पण घाबरून गोळी फेकून द्यावी असं त्यात काही नाही.

मग ती सोडली की जळजळ दुप्पट का होते? म्हणजे आजार बरा झालेलाच नाही ना?

बऱ्याचदा ते गोळीचंच उसनं असतं. आम्ल दाबून ठेवलं की शरीर ते तयार करणारी यंत्रणा वाढवत राहतं, आणि गोळी थांबली की ती वाढलेली यंत्रणा एकदम सुटते. डेन्मार्कमध्ये २००९ साली हे फार सुंदर दाखवलं गेलं. पोटाची काहीही तक्रार नसलेले १२० निरोगी लोक घेतले. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली, मग गुपचूप बंद केली. पुढच्या महिनाभरात त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर वगैरे सुरू झालं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के. धडधाकट माणसाला गोळीने पित्ताचा रोगी करून दाखवला म्हणा ना.

म्हणून सोडायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू: डोस कमी, मग एक दिवसाआड. आणि काहींनी सोडायचीच नसते. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेले, किंवा वय झालेलं असून रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे, त्यांत येतात.

आणखी एक. ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण आम्लाचे जे पंप चालू होत असतात त्यांनाच ती बंद पाडते. मिसळ चापून मग डबा उघडणं म्हणजे वरातीमागून घोडं.

हळद पित्ताच्या गोळीइतकीच गुणकारी आहे असं संशोधन आलंय म्हणे?

आलंय, आणि खोटं नाही. थायलंडमध्ये २०६ जणांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बिणीत काही सापडत नाही पण जेवलं की पोट जड होतं, दुखतं, अशा तक्रारीचे हे लोक. एका गटाला कर्क्युमिन म्हणजे हळदीतला मुख्य घटक, एकाला ओमेप्राझोल ही पॅन्टोप्राझोलच्याच जातीची गोळी, एकाला दोन्ही. अठ्ठावीस आणि छप्पन दिवसांनी तिघांनाही जवळपास सारखाच आराम.

आता बारीक अक्षरं वाचू. यात नुसतीच खोटी गोळी दिलेला गट नव्हता. ही तक्रार अशी आहे की बऱ्याच जणांना काहीही दिलं तरी बरं वाटतं, त्यामुळे ‘दोन्ही सारखे’ याचा अर्थ दोन्ही गुणकारी असाच होतो असं नाही. शिवाय डोस दिवसाला दोन ग्रॅम अर्काचा होता. आमटीतली चिमूटभर हळद त्याच्या जवळपासही जात नाही. तेवढं पोटात जावं म्हणून लोक कॅप्सूल घेतात, आणि तिथे दुसरी गोष्ट सुरू होते: अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची तपशीलवार नोंद २०२२ मध्ये आली आणि त्यांतल्या ७ जणांत एकच विशिष्ट जनुक सापडलं. काहींच्या गोळ्यांत काळी मिरीही होती. मिरीमुळे हळद रक्तात जास्त उतरते. स्वयंपाकातल्या हळदीची मुळीच भीती नको. डबीतल्या हळदीला मात्र औषध समजा, आणि औषधाला विचारतो तसे प्रश्न तिलाही विचारा.

अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो ना?

माझ्या आजोबांची पिढी हेच ऐकत म्हातारी झाली. दूधभात, मिरची बंद, डोक्याला ताप नको. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी हा समज मोडला. वॉरन हे सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे तुकडे पाहणारे. त्यांना अस्तरावर वळणदार जंतू दिसत. लोक म्हणत, इतक्या आम्लात जंतू जगतील कसे? मार्शल तरुण डॉक्टर, ते जंतू बशीत वाढवायच्या खटपटीत. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून देत. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी जोडून आली, बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि परत येऊन पाहतात तो जंतू उगवलेले. त्यांना फक्त सवड हवी होती.

तरी कोणी मानेना. मग १९८४ मध्ये मार्शल स्वतःच त्या जंतूंचा पेला प्याले. काही दिवसांत उलट्या, तोंडाला दुर्गंधी, आणि दुर्बिणीत जठराला आलेली सूज. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

अल्सरची दोन मुख्य कारणं आज अशी सांगतात: हा जंतू, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी औषधं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी कोल्हापुरी रश्श्यापेक्षा किती तरी घातक. तिखटाने अल्सर होत नाही. असलेला झोंबतो, एवढंच.

माझ्या तपासणीत हा पायलोरी निघाला. घाबरायचं का?

भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकलं. पण आपल्याकडे जंतू इतका पसरलेला असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी, हे अभ्यासकांना पडलेलं जुनं कोडं आहे. तेही देशभर एकसारखं नाही, मिझोरममध्ये हा कर्करोग पुष्कळ दिसतो.

अल्सर असेल, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर उपचार घ्यायचेच. आणि इथे नव्या संशोधनाने खरोखर फरक पडलाय. पूर्वी दोन अँटिबायोटिक आणि एक आम्ल कमी करणारी गोळी असा आठवड्याचा कोर्स पुरायचा. आता जंतू निर्ढावलेत. आपल्याकडे तर दोन जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल हे या कोर्समधलंच अँटिबायोटिक गिळायची सवय, मग ते औषध ऐन वेळी चालणार कसं? अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये पहिल्या उपचारासाठी बिस्मथ या धातूच्या क्षारासह चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स सुचवला.

तो मी घेतलाय. चौदा दिवस तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव. तिसऱ्या सकाळी आरशात जीभ पाहिली तर काळीकुट्ट, शाई प्याल्यासारखी, आणि शौचाचा रंग काजळाचा. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी रक्तस्राव समजून रिक्षात बसून निघालो होतो. तो बिस्मथचा रंग असतो, कोर्स संपला की जातो. मात्र बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट शौच झालं तर ते रक्त समजायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

जंतू गेला का हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासतात. त्यासाठी श्वासाची तपासणी सगळ्यात सोपी: युरिया मिसळलेलं पाणी प्यायचं आणि पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासात येतो. पित्ताची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असून नसल्याचा निकाल येऊ शकतो. हे विचारल्याशिवाय फार थोडे सांगतात.

आपल्या अंगात पेशींपेक्षा जंतू दहापट असतात का?

नाही. तो जुना अंदाज होता, लोक एकमेकांचं वाचून उतरवत गेले. २०१६ मध्ये नीट हिशोब झाला: सुमारे ३८ लाख कोटी जंतू आणि ३० लाख कोटी पेशी. जवळपास बरोबरीचा सामना, आणि त्या सगळ्या जंतूंचं वजन साधारण पाव किलोच्या आत.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या’ जंतूंच्या, कॅप्सूल घ्याव्यात का? डॉक्टर अँटिबायोटिकबरोबर देतातच की.

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे जातो.

अमेरिकेतल्याच आणखी एका पोटविकार संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा चाळला आणि बहुतेक पोटाच्या आजारांत, म्हणजे आयबीएस (तपासणीत काही न सापडता वारंवार पोट दुखणं, बिघडणं), क्रोन्स (आतड्याला येणारी जुनाट सूज), मुलांचे साधे जुलाब यांत, प्रोबायोटिक द्या असं म्हणायला आधार सापडला नाही. त्याआधी २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने थेट आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं. काहींच्या आतड्यात कॅप्सूलमधले जंतू मुक्काम करतात, काहींच्या आतड्यातून ते सरळ पाहुण्यासारखे निघून जातात. आणि अँटिबायोटिकनंतर ज्यांना प्रोबायोटिक दिलं, त्यांचे मूळचे जंतू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. भाडेकरूंनी घर अडवल्यावर मालकाला जागा कुठली? अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावरून प्रोबायोटिक विषासमान ठरवू नये. प्रोबायोटिकमधले काही विशिष्ट जंतू अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी करतात, असाही पुरावा आहे.

आता याच विषयातला मला सगळ्यात आवडणारा अभ्यास, आणि तो आपल्या देशातला आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळं. पूर्ण वाढीची किंवा जवळपास तशी, आईच्या दुधावरची. निम्म्यांना जन्मानंतर काही दिवसांतच सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम नावाचा जंतू आणि त्याचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर दिली. पुढे साठ दिवस लक्ष ठेवलं. जंतुदोष रक्तात पसरणं किंवा मृत्यू, यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला. २०१७ मध्ये ‘नेचर’ने तो छापला.

मग बाळाला दुकानातली प्रोबायोटिकची पुडी द्यायची का? नाही, आणि खरा मुद्दा इथेच आहे. त्या गटाने शेकडो जंतू तपासून बाळाच्या आतड्याला नीट चिकटून राहणारा एक वाण निवडला होता. प्रोबायोटिक हे एका औषधाचं नाव नाही. भाजी म्हटल्यावर मेथी की सुरण हे विचारतो, तसं इथेही कोणता वाण, कोणत्या आजारावर, किती दिवस, हे विचारायला हवं. पाकिटावर नुसतं ‘अब्जावधी चांगले जंतू’ असेल तर ते उत्तर नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांच्या बाबतीत तर हे पूर्णपणे बालरोगतज्ज्ञांवर सोपवा.

त्यापेक्षा ताक बरं का?

स्वस्त तरी नक्कीच. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी लोकांना दहा आठवडे दोन आहारांत वाटलं: एक चोथायुक्त, एक आंबवलेल्या पदार्थांचा. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रथिनं उतरली. चोथावाल्यांत तेवढ्या काळात वैविध्य वाढलं नाही, हे अभ्यासकांनाही अनपेक्षित होतं. २०२१ चा हा अभ्यास. माणसं फक्त ३६ आणि सगळी अमेरिकेतली, शिवाय ती दिवसाला सहाएक वाट्या आंबवलेलं खात होती. एवढं लक्षात ठेवून दही, ताक, आंबील जरूर घ्या. इडली-आंबोळी आंबवलेली खरी, पण वाफेवर आणि तव्यावर जंतू मरतात. आपलं कैरीचं लोणचं तेल-मिठात मुरतं, त्याला या यादीत ओढू नका.

आयबीएस आहे. कांदा-लसूण बंद करायला सांगितलंय. मग खायचं काय?

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेल्या आहारपद्धतीचा हा भाग. लहान आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढतात, गॅस करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध यांत त्या भरपूर. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथला २०२४ चा अभ्यास २९४ रुग्णांचा होता. चार आठवड्यांत हा आहार घेणाऱ्या ७६ टक्क्यांना बऱ्यापैकी आराम पडला, कमी पिष्टाच्या दुसऱ्या एका आहारावर ७१, तर औषधांवर ५८ टक्क्यांना.

आता स्वयंपाकघरात. लसणातली ती साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणजे तेलात ठेचलेल्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत परतायच्या, पाकळ्या झाऱ्याने सगळ्या काढून टाकायच्या आणि त्या वासाच्या तेलात आमटीची फोडणी करायची. चव येते, त्रास नाही. पाकळ्या आमटीत उकळल्या की मात्र साखर रश्श्यात उतरलीच. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात, दुधाऐवजी लॅक्टोज नसलेलं दूध, कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग आणि हिंग.

हा जन्माचा उपास नाही. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसत नाही ते शोधायचं. लोक पहिला टप्पा करतात आणि तिथेच अडकून वर्षभर भात-काकडीवर राहतात. आहारतज्ज्ञ हवा तो यासाठी.

गहू सोडल्यावर बरं वाटतं. म्हणजे सिलिअ‍ॅक का?

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. तो असेलच असं नाही; वरच्या साखरांचाही तो परिणाम असू शकतो. पण रक्ततपासणी गहू खात असतानाच करा. आधी सोडला तर तपासणी कोरी येते आणि निदान राहून जातं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक असतो, दक्षिणेत फारच कमी. निदान झालंच तर गव्हाबरोबर हिंगाची डबीही उलटी करून वाचा. खडा हिंग सोडला तर बाजारातल्या पुष्कळ हिंगात गव्हाचं पीठ असतं.

दुसऱ्याची विष्ठा आतड्यात सोडून रोग बरा करतात, ही थट्टा आहे का?

थट्टा नाही. अँटिबायोटिकनंतर माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे जुलाब पुन्हा पुन्हा होतात, त्यावर. नेदरलँड्समध्ये २०१३ साली १६ पैकी १३ रुग्ण एकाच वेळच्या उपचारात बरे झाले. नेहमीच्या औषधावर १३ पैकी ४. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये यावरून तयार केलेल्या दोन औषधांना मंजुरी मिळाली, त्यांतलं दुसरं चक्क कॅप्सूल आहे. वजन, मधुमेह, नैराश्य यांवरचे प्रयोग अजून प्रयोगच आहेत. २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतला औषधांना न जुमानणारा जंतू शिरून अमेरिकेत एका रुग्णाचा मृत्यू झाला. व्हिडिओ पाहून घरी काही करू नका, हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

घरपोच किट मागवून आतड्यातल्या जंतूंची चाचणी करावी का?

नको. निरोगी जंतूसमूह नेमका कसा असतो हे अजून ठरलेलं नाही, मग तुमचा अहवाल कशाशी ताडणार?

संडासवाटे रक्त जातं. मूळव्याधच असणार ना?

बऱ्याचदा असते. पण न पाहता तसं धरून चालू नका. माझ्या मामांनी आठ महिने मूळव्याधीचं चूर्ण घेतलं आणि मलम लावलं. वय त्रेचाळीस, वजन घटलेलं, हिमोग्लोबिन नऊवर आलेलं. कोणीही बोट घालूनसुद्धा तपासलं नव्हतं, दुर्बीण तर दूरच. गाठ मोठ्या आतड्यात, डाव्या बाजूला होती.

तरुणांत मोठ्या आतड्याचा कर्करोग अनेक देशांत वाढतोय. अमेरिकेने म्हणूनच २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जनुकांचा अभ्यास आला. काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात. त्याच्या खुणा चाळिशीच्या आत आजारी पडलेल्यांत सत्तरीनंतरच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडल्या, आणि त्या बहुधा बालपणीच उमटलेल्या असाव्यात असा अभ्यासकांचा कयास आहे. यातून लस किंवा चाचणी निघायला वेळ आहे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. म्हणजे कोणी बोलावणार नाही, आपणच जायचं: रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना ॲनिमिया, घटणारं वजन, यांतलं काहीही असेल तर.

कोलोनोस्कोपी दुखते का?

बहुतेक ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे तपासणी कळतही नाही. त्रास आदल्या रात्रीचा. पोट साफ करायचं ते खारट पाणी मामांनी फ्रिजमध्ये गार करून, प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखत संपवलं आणि चड्डीवरच संडासाच्या दारात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या दिवशी आत जाऊन बाहेर यायला त्यांना अर्धा तासही लागला नाही.